‘काही नाही’ करणाऱ्या बायकांची नोंद

उपवासाच्या दिवशी आपल्या ताटात काय काय असतं, ते जरा आठवून बघा. साबुदाण्याची खिचडी, त्यात सढळ हाताने घातलेलं दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस. आजी-पणजीपासून चालत आलेलं अगदी सोवळ्यातलं जेवण! पण गंमत बघा, यातले बहुतेक जिन्नस साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात नव्हतेच. बटाटा, मिरची, भुईमूग, रताळं आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपियन जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या चुलीपर्यंत आली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला.

या बटाट्याचं माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांतले उंच डोंगर. तिथे रात्री हाडं गोठवणारी थंडी आणि दिवसा डोळे दिपवणारं ऊन. तिथले लोक बटाटे रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचे आणि उन्हात खडखडीत वाळवायचे. याला ते ‘चुन्यो’ म्हणतात. वर्षानुवर्षं टिकतो. आपण उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस वाळवतो ना, त्याचीच ही डोंगरातली थोरली बहीण.

त्या माहेरच्या माणसांची, त्यांच्या शेतांची, सणांची, आणि विशेष म्हणजे तिथल्या बायकांच्या कामाची एक भलीमोठी नोंद चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने करून ठेवली आहे. आज मला तुम्हाला त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

ससाणा आणि सिंह

त्याचं नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. त्याच्या केचुआ भाषेत ‘ग्वामान’ म्हणजे ससाणा आणि ‘पोमा’ म्हणजे प्यूमा, तिथला डोंगरी सिंह. ‘फेलिपे’ आणि ‘आयाला’ ही नावं मात्र स्पॅनिश. म्हणजे त्याच्या नावातच दोन जगं एकमेकांना खेटून बसलेली आहेत. त्याच्या आयुष्यातही तसंच झालं.

१५३२ साली पिझारोच्या मूठभर स्पॅनिश सैनिकांनी इंका राजा आतावाल्पाला कैद केलं आणि दुसऱ्या वर्षी त्याला ठार मारलं. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्वामान पोमा जन्मला. वडील एका जुन्या सरदार घराण्यातले आणि आई इंका राजघराण्यातली, असं तो स्वतः सांगतो. पाद्री झालेल्या सावत्र भावाकडून लिहावाचायला शिकला. पुढे स्पॅनिश अधिकारी आणि पाद्री यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून गावोगाव फिरला. त्यामुळे साहेबाची भाषा, साहेबाचे कागद आणि साहेबाचे डाव, तिन्ही त्याला आतून कळले.

मग स्वतःवर प्रसंग आला. ग्वामांगा, म्हणजे आजचं आयाकुचो, या शहराजवळच्या वडिलोपार्जित जमिनीसाठी तो कोर्टात भांडत होता. १६०० साली निकाल लागला तो उलटाच. हा खोटारडा आहे, खोटी पदवी लावतो, असं ठरवून त्याला दोनशे फटके आणि दोन वर्षांची हद्दपारी फर्मावली गेली. जमीन गेली, अब्रू गेली. दुसरा एखादा खचून घरी बसला असता. याने लेखणी उचलली.

आणि काय लिहिलं म्हणता? थेट स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून जवळजवळ बाराशे पानांचा ग्रंथ! शीर्षकाचा अर्थ साधारण असा, ‘पहिली नवी बखर आणि चांगला राज्यकारभार’. त्यात पानभर आकाराची ३९८ चित्रं. राजाला आमची भाषा येत नाही, माझं स्पॅनिशही मोडकंतोडकं. पण चित्र तर कुणालाही कळेल, असा त्याचा हिशेब असावा. शाईने, साध्या रेघांनी काढलेली ही चित्रं बघताना मला तर आपल्याकडच्या भिंतीवरच्या चित्रांची आठवण आली. माणसं समोरासमोर, डोंगराच्या डोक्यावर सूर्य आणि चंद्र दोघंही हजर, आणि प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम.

बायकांच्या दहा गल्ल्या

या ग्रंथातला एक भाग वाचला तेव्हा मी अक्षरशः थबकले. इंकांच्या राज्यात माणसांची मोजणी कशी होत होती, ते तो सांगतो. लिपी नव्हती, पण ‘किपू’ होते. किपू म्हणजे रंगीत दोऱ्यांना गाठी मारून ठेवलेला हिशेब. किती माणसं, किती धान्य, किती कापड, सगळं गाठींत. तर या मोजणीसाठी पुरुषांचे दहा आणि बायकांचे दहा गट होते. ग्वामान पोमा त्यांना ‘गल्ल्या’ म्हणतो. आणि प्रत्येक गल्लीचं वेगळं चित्र काढतो.

पहिल्या गल्लीत घरसंसाराच्या, ऐन उमेदीच्या बायका. चित्रातली बाई मागावर बसली आहे. हा माग म्हणजे एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेलं आणि दुसरं विणणारीच्या कमरेला. तिचं अंगच मागाचा अर्धा भाग! त्यांच्या राज्यात तलम कापडाला सोन्याहून जास्त मान होता. सैनिकाला बक्षीस कापडाचं, देवाला नैवेद्य कापडाचा. आणि ते विणायचं कोणी? बहुतेक करून बायकांनी.

दुसऱ्या गल्लीत पन्नाशी ओलांडलेल्या. त्या जाडंभरडं कापड विणायच्या, मोठ्या घरांत कोठीचा कारभार आणि देखरेख बघायच्या. तिसऱ्या गल्लीत ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या. यांनी खावं आणि झोपावं एवढंच, असं तो म्हणतो. पण लगेच पुढे सांगतो, की ज्यांना झेपत असे त्या पोती विणायच्या, जाडं सूत कातायच्या, घरची छोटी जनावरं सांभाळायच्या. चौथी गल्ली अपंगांची. आंधळ्या, लंगड्या, मुक्या, पाठीला कुबड असलेल्या. त्यांच्याबद्दल तो काय लिहितो? त्यांच्यात उत्तम विणकरणी असायच्या, चांगल्या स्वयंपाकिणी असायच्या, मक्याची ‘चिचा’ नावाची दारू गाळण्यात तरबेज असायच्या. त्यांची लग्नंही लावली जात.

पाचवी गल्ली लग्नाच्या मुलींची. सहावी बारा ते अठरा वर्षांच्या, केस कापलेल्या मुलींची. चित्रातली मुलगी लामांना चरायला नेते आहे, पाठीवर सरपणाचा भारा आहे आणि चालता चालता हातात चाती फिरते आहे. एका वेळी तीन कामं! ही मुलगी तुम्हाला ओळखीची वाटली ना? सातव्या गल्लीत नऊ ते बारा वर्षांच्या फुलं वेचणाऱ्या मुली. फुलं खेळायला नव्हेत, लोकर रंगवायला. आठव्या गल्लीतल्या पाच ते नऊच्या. त्या काटक्या-गवत गोळा करायच्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळायच्या. नवव्या गल्लीत रांगणारी, आणि दहाव्या गल्लीत पाळण्यातली.

पाळण्यातल्या मुलीचा राज्याला काय उपयोग? काहीच नाही. उलट दुसऱ्याच कुणाला तरी तिच्यासाठी राबावं लागतं, असं तो नमूद करतो. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मूल सांभाळणं हेही काम आहे, आणि ते कुणीतरी करतं, याची नोंद चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावर आहे.

मैत्रिणींनो, मी गेली काही वर्षं बचत गटांच्या कामात आहे. गटाचा फॉर्म भरताना एक रकाना येतो, व्यवसाय. बाईला विचारलं, की ठरलेलं उत्तर, “काही नाही, घरीच असते.” मग थोडं खोदून विचारलं, की बाहेर पडतं. पहाटे उठून पाणी भरते, दोन म्हशींचं करते, सासूला अंघोळ घालते, मुलांचे डबे, नंतर खुरपायला जाते, संध्याकाळी येताना सरपण आणते. हे सगळं मिळून ‘काही नाही’! आणि बाईच असं म्हणते असं नाही, सरकारी कागदही तेच म्हणतो. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या जोडीला, काम न करणाऱ्यांच्या गटात बसवलं होतं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याबद्दल स्पष्ट नाराजी व्यक्त केली.

म्हणून त्या दहा गल्ल्या माझ्या मनात घर करून राहिल्या. तिथे एकाही बाईपुढे ‘काही नाही’ लिहिलेलं नाही. ऐंशीच्या म्हातारीपुढेही नाही आणि आंधळीपुढेही नाही.

मोजणं म्हणजे मान देणं नव्हे

पण थांबा. लगेच हुरळून जायला नको. इंका राजा बायकांची मोजणी करत होता तो त्यांची आरती ओवाळायला नव्हे. कोणाकडून किती कापड विणून घ्यायचं, कोणाला कुठे राबवायचं, यासाठी ती मोजणी होती. गावोगावच्या मुलींतून काही ‘निवडलेल्या’ मुली वेगळ्या काढून मोठ्या बंदिस्त वाड्यांत ठेवल्या जात. एका चित्रात त्या ओळीने बसून सूत काततात आणि त्यांच्यावर एक मोठी बाई लक्ष ठेवते. पुढे त्या सूर्यदेवाच्या, नाहीतर राजाच्या सेवेत. त्यांना निवड होती का? नव्हती. लग्नाआधी प्रेम करणाऱ्या तरुण-तरुणीला कड्यावर केसांनी टांगण्याची शिक्षा होती. तेही चित्र ग्वामान पोमाने काढलं आहे, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

शिवाय तो हे सगळं लिहितोय ते इंकांचं राज्य बुडाल्यानंतर. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेलं, किपू वाचणाऱ्यांकडून समजलेलं. गेलेले दिवस नेहमीच जरा सोनेरी दिसतात. आपल्याकडेही ‘आमच्या वेळी’ म्हटलं, की दुधातुपाच्या नद्या वाहतात ना, तसंच.

तरी त्याच्या चित्रांतलं रोजचं आयुष्य खरं वाटतं, कारण ते कामाचं आहे. बारा महिन्यांची चित्रं बघा. ऑगस्टमध्ये नांगरणी. पुरुष ओळीने उभे राहून पायाने दाबायच्या नांगराने जमीन उकरतात, समोर बायका गुडघ्यांवर बसून ढेकळं उलटतात, आणि गाणं चाललेलं असतं. एक जण सगळ्यांसाठी चिचा घेऊन येते. पेरणीत पुरुष भोक पाडतो, बाई त्यात बी टाकते. मार्चमध्ये कणसं खायला आलेले पोपट हाकलायचे. सप्टेंबरचा सण राणीचा आणि चंद्राचा. त्यांच्यात चंद्र ही बाई, सूर्याची बायको! त्या सणाला बायकांचा वरचश्मा, त्याच पुरुषांना आमंत्रण देतात. नोव्हेंबरमध्ये पितरांना बाहेर काढून खाऊपिऊ घालतात. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच, फक्त तिथे पूर्वजांचे जतन केलेले देहच बाहेर आणत असत.

तोच माग, तेच हात

आणि मग ग्रंथाचा दुसरा भाग येतो. स्पॅनिश लोकांच्या राज्याचा. चित्रातला माग तोच. विणणारे हातही तेच. पण आता शेजारी काठी उगारलेला पाद्री उभा असतो.

याबद्दल ग्वामान पोमा सविस्तर लिहितो. गावातल्या एकट्या बायका आणि विधवा यांना पाद्री एकत्र जमवायचे. तुमचं वागणं चांगलं नाही, तुम्ही कुणाबरोबर तरी राहता, अशी धमकी द्यायची आणि त्या धाकावर सूत कातून, कापड विणून घ्यायचं. मजुरी? एक पैसा नाही. ते कापड विकून पैसा पाद्र्याच्या खिशात. ‘कोरेहिदोर’ म्हणजे जिल्ह्याचा स्पॅनिश अधिकारी, त्याचाही हाच धंदा. बाईची बदनामी करायची भीती घालायची आणि तिच्याकडून फुकट काम काढायचं. चारशे वर्षं झाली, समुद्र ओलांडले, तरी ही युक्ती आपल्याला नवी वाटत नाही, हेच वाईट.

यातलं एक चित्र तर अगदी जवळच्या माणसाचं आहे. मार्तिन दे मुरुआ नावाचा पाद्री इंकांचा इतिहास लिहीत होता आणि त्याच्या ग्रंथासाठी ग्वामान पोमाने चित्रं काढून दिली होती. पुढे बिनसलं. याने माझ्या बायकोलाच माझ्यापासून तोडायचा प्रयत्न केला, असं तो लिहितो. आणि मग आपल्या ग्रंथात त्या मुरुआचं नावानिशी चित्र काढतो, मागावर बसलेल्या माणसाला काठीने मारताना. विद्वान माणूस घरी आणि गावात कसा वागतो, तेही तपासून बघावं, हा धडा त्यात आहेच.

पुरुषांची तऱ्हा वेगळी नव्हती. त्यांना पाळीपाळीने खाणींवर जावं लागे. पोतोसीची चांदीची खाण आणि वांकाव्हेलिकाची पाऱ्याची. पाऱ्याच्या खाणीतून माणूस परतला तरी विषाने पोखरलेला. मागे राहिलेल्या बाईवर शेत, मुलं, म्हातारी माणसं आणि शिवाय कर. त्यात देवी, गोवर यांसारख्या युरोपातून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडलेली.

एका चित्रात रात्रीच्या वेळी अधिकारी आणि पाद्री दिवा घेऊन घरात शिरतात आणि झोपलेल्या बाईच्या अंगावरचं पांघरूण उचलून बघतात. चित्रकाराला हे काढताना लाज वाटली नाही का, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, लाज कोणाला वाटायला हवी, हे दाखवण्यासाठीच त्याने ते काढलं. दुसऱ्या एका चित्रात एक गरीब माणूस गुडघे टेकून हात जोडतो आहे आणि भोवती सहा जनावरं त्याला फाडायला टपली आहेत. साप म्हणजे अधिकारी, वाघ म्हणजे धर्मशाळांतले स्पॅनिश, सिंह म्हणजे जहागीरदार, कोल्हा म्हणजे पाद्री, मांजर म्हणजे कारकून. आणि सहावा? उंदीर. तो त्यांच्याच जातीतला, गावचा पुढारी. आपल्याच माणसाला त्याने यादीतून वगळलं नाही.

तो धर्माविरुद्ध होता असं मात्र समजू नका. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथांच्या साधूंची तो तोंडभरून स्तुती करतो. त्याचं म्हणणं एवढंच, की तुम्ही जो धर्म सांगता तो आधी स्वतः पाळा.

बायकांसाठी वेगळी प्रस्तावना

आता एक मजेची गोष्ट. बारा इंका राजांबरोबर त्याने बारा राण्यांचीही चित्रं काढली आहेत. प्रत्येकीचा पोशाख, स्वभाव, आवडीनिवडी दिल्या आहेत. आणि या राण्यांच्या प्रकरणानंतर त्याने खास वाचक स्त्रियांसाठी एक वेगळी प्रस्तावना लिहिली आहे! १६१५च्या सुमारास, डोंगरातल्या एका माणसाला वाटतं, की माझं पुस्तक बायकाही वाचतील. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण वाचल्यावर तो आनंद जरा ओसरला. कारण त्या प्रस्तावनेत आहे काय, तर बायकांना उपदेश आणि चार खडे बोल. पहिलं पाप स्त्रीने केलं, हव्वेने फळ खाल्लं. आमच्याकडे मूर्तिपूजाही पहिल्या राणीनेच सुरू केली. थोडक्यात, सगळं खापर बाईच्या डोक्यावर. पुढे स्पॅनिश पुरुषांपासून ज्यांना मुलं झाली त्या बायकांवरही तो फार कडक शब्दांत तुटून पडतो. त्या बिचाऱ्यांवर काय जुलूम झाला ते स्वतःच शंभर पानांत सांगितल्यावर! मिश्र रक्ताच्या मुलांचाही त्याला राग. सगळ्यांनी आपापल्या मुलखात राहावं, मिसळू नये, असं त्याचं मत.

हे लपवून ठेवायचं कारण नाही. अन्याय बघणारा डोळा एका बाजूला लख्ख असतो आणि दुसऱ्या बाजूला झापड लावलेला असतो, हे आपण समाजकामात रोज बघतो. दारूबंदीसाठी जीव तोडून भांडणारा कार्यकर्ता घरी बायकोला बोलू देत नाही. म्हणून त्याचं दारूबंदीचं काम खोटं ठरत नाही. पण त्याच्या घरातलं मौनही विसरायचं नाही. ग्वामान पोमाचं बोलणं एकीकडे ठेवा आणि चित्रं दुसरीकडे ठेवा. बोलण्यात बाई पापाचं मूळ आहे. चित्रांत बाई सतत राबते आहे, मार खाते आहे, बी पेरते आहे. माझा विश्वास चित्रांवर आहे.

आणि एक गोष्ट त्याने अगदी आपल्या मनातली सांगितली. गाव लहान असो वा मोठं, तिथे शाळा असावी, आणि मुलगे आणि मुली, दोघांनीही लिहावाचायला शिकावं, असं तो राजाला सांगतो. का? ज्याला लिहिता येतं, त्याला तक्रार करता येते. एका चित्रात गावचा चांगला प्रमुख समोर कागद घेऊन बसला आहे आणि आलेल्या माणसाचा अर्ज लिहून देतो आहे. ते चित्र बघून मला हसू आलं आणि भरूनही आलं. ओट्यावर पाय दुमडून, मांडीवर वही ठेवून, रेशनकार्डाचे नाहीतर विधवा पेन्शनचे अर्ज आम्ही असेच लिहिले आहेत की!

तीन म्हाताऱ्या

१४ फेब्रुवारी १६१५ या दिवशी सांतियागो दे चिपाओ नावाच्या गावातून त्याने राजाला पत्र लिहिलं, की माझा ग्रंथ पूर्ण झाला आहे. तेव्हा आपलं वय ऐंशी असल्याचं तो सांगतो. मग ते सगळं बाड घेऊन तो राजधानी लिमाकडे निघाला. त्या प्रवासाचंही चित्र आहे. अंगावर झगा, हातात काठी, बरोबर मुलगा, एक घोडा आणि दोन कुत्री. एका कुत्र्याचं नाव ‘आमिगो’, म्हणजे मित्र. दुसऱ्याचं ‘लाउतारो’. लाउतारो हा चिलीमध्ये स्पॅनिशांशी लढलेला वीर. नाव ठेवतानाही म्हाताऱ्याने आपलं मत सांगून टाकलं!

वाटेत त्याला तीन म्हाताऱ्या भेटल्या. फ्रान्सिस्को दे आविला नावाचा पाद्री त्या भागात जुन्या देवांची पूजा करणाऱ्यांना शोधून शिक्षा करत होता. त्याच्या भीतीने या तिघी गाव सोडून पळाल्या होत्या. दगडाला देव मानता असं कबूल करा म्हणून तिथे कसा छळ होतो, ते त्यांनी रडत रडत सांगितलं. ग्वामान पोमाने त्यांचं म्हणणं ग्रंथात लिहून घेतलं. ग्रंथ पूर्ण झाला असं राजाला कळवल्यानंतर वाढवलेली ही पानं. तयार झालेलं पुस्तक पुन्हा उघडून त्यात तीन अनोळखी म्हाताऱ्यांना जागा करून देणारा लेखक, मला तरी दुसरा माहीत नाही.

त्याच गल्लीतल्या या तिघी, ज्यांनी खावं आणि झोपावं एवढंच. म्हातारपणी घरदार सोडून डोंगरात पळत होत्या. जुन्या आणि नव्या राज्यातला फरक सांगायला त्याला वेगळा शब्द लागलाच नाही.

पत्ता चुकलेलं पत्र

राजाने ग्रंथ वाचला का? त्याचं उत्तर कधी आलं नाही. ग्रंथात एक चित्र आहे, राजा सिंहासनावर बसून प्रश्न विचारतो आणि ग्वामान पोमा पुढ्यात गुडघे टेकून, पुस्तक उघडून त्याला उत्तरं देतो. ही भेट झाली ती फक्त कागदावर.

तो ग्रंथ राहिला कुठे? डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात. १९०८ साली रिचर्ड पीचमन या जर्मन अभ्यासकाच्या तो नजरेस पडला. म्हणजे लिहून जवळजवळ तीनशे वर्षं झाल्यावर. १९३६ साली पॅरिसमध्ये तो मूळ पानांच्या छायाचित्रांसह छापला गेला. २००१ साली डेन्मार्कच्या ग्रंथालयाने सगळी पानं इंटरनेटवर ठेवली आणि २००७ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली. माझ्या लेकीने मला ती पानं संगणकावर उघडून दाखवली. एकेक पान मोठं करून बघता येतं. मागाचे धागेसुद्धा मोजता येतात.

आज त्याची भाषा केचुआ लाखो लोक बोलतात. १९७५ साली पेरूने तिला राजभाषेचा दर्जा दिला. आणि त्या डोंगरांत आजही बायका कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात. त्यांच्या आज्या-पणज्या कशा विणत होत्या, कोणासाठी विणत होत्या आणि कोणाच्या काठीखाली विणत होत्या, हे त्यांना सांगणारं पहिलं मोठं चित्रपुस्तक त्यांच्यातल्याच एका माणसाने काढलेलं आहे.

ग्रंथात जागोजागी तो हताश होतो. याला काही उपाय नाही, असं पुन्हा पुन्हा लिहितो. पण असं लिहून तो थांबत नाही, पुढचं पान घेतो. मला त्याचं हेच सगळ्यात आवडलं. ज्याच्या नावाने अर्ज केला त्याने तो वाचला नाही, तरी लिहिलेलं वाया गेलं नाही. तीनशे वर्षांनी का होईना, मारणाऱ्याचं नाव आणि राबणारीचं काम, दोन्ही जगापुढे आलं.

आपल्यापैकी कुणी बाराशे पानं लिहावीत असं माझं म्हणणं नाही. पण घरात एखादी जुनी वही असते, मुलांची अर्धवट राहिलेली. त्यात आपल्या सासूचं, आईचं, शेजारच्या म्हातारीचं एका दिवसाचं काम लिहून बघा. पहाटेपासून रात्रीपर्यंत, जसं घडतं तसं. विचाराल तेव्हा ती म्हणेलच, “मी काय करते? काही नाही.” तेवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं लिहून घ्या.